सिग्नल मागच्या भिंतीकडे

—नाही नाही, त्या खुर्चीवर नको, ती दुरुस्त केलेली आहे. म्हणजे आमच्या गृहस्थांनी दुरुस्त केलेली आहे, त्यामुळे बसलात की थेट जमिनीवर. ह्या दुसरीवर बसा, ही नुसतीच मोडकी आहे, हिला काही होणार नाही. या, इंजिनिअरसाहेब, केवढे उपकार झाले! मंगळवारी येतो म्हणालात, मी मंगळवारी लिपस्टिक लावून बसले. बुधवारी येतो म्हणालात, बुधवारीही बसले. आज शनिवार, आज डोक्याला रोलर गुंडाळलेत, अंगात घरातला झगा आहे, आज काही तुम्ही येत नाही अशी माझी खात्री झाली — तर हे बघा, हजर! शर्टावर काय लिहिलंय? विल्किन. छान. माझं नाव तुमच्या फोनवर असेलच — एर्सिलिया, हो, मीच ती, रोज तक्रार करणारी. घर लगेच सापडलं ना? सापडणारच. अख्ख्या बानी गावात ज्या घराची वायर सगळ्यात खाली लोंबते ते आमचं. टोपी अडकली तुमची? सगळ्यांची अडकते.

तक्रार काय, साधी आहे. इंटरनेट आहे, पण नाही. दिवे सगळे हिरवे, अगदी नाताळ असल्यासारखे लुकलुकतात, बिल वेळेवर येतं, बिलाला कधी सिग्नलची अडचण येत नाही — पण मी इथे, ह्या पुढच्या खोलीत, ह्या कोचावर फोन घेऊन बसले की संपलं. तुमच्या ऑफिसातल्या त्या फोनवरच्या मुलीला सांगून सांगून माझा घसा बसला. गोड मुलगी आहे. काहीही सांगा, म्हणते, एर्सिलियाबाई, बंद करून चालू करा. केलं. परत करा. केलं. मी म्हटलं, बाई, मला गुडघेदुखी पण आहे, तीही बंद करून चालू करून देतेस का? तर म्हणे, त्यासाठी तीन दाबा.

मला ते स्पीड-बिड काही नको हो. मला नात बघायची आहे. माझी योकास्ता माद्रिदला असते, तिला मुलगी झाली, अल्बा. आजीनं नात बघायची कशी? चौकोन चौकोन. कधी एक कान येतो, कधी हनुवटी, सगळं मिळून एकदम कधी येत नाही. शेजारणी विचारतात, नात कोणावर गेली? मी सांगते, बाथरूमच्या फरशीवर गेलीय. आज चार वाजता फोन येणार, तिकडे तेव्हा रात्र असते, झोपवायच्या आधी दाखवते. पोरगी आता उभी राहायला लागलीय म्हणे, टेबलाला धरून. म्हणे. मी ऐकलंय फक्त. तर चारच्या आत करा काय ते.

हो, योकास्तानंच तुम्हाला सांगितलंय ना सगळं, काय करायचं ते? तिकडून माद्रिदहून? मग मला कशाला विचारता, मी आपली घरात राहणारी बाई. काय काय सांगितलंय? राउटर पुढच्या खोलीत आणायचा. बरं. आणि पासवर्ड बदलायचा. आणि नवा पासवर्ड कोणाला म्हणजे कोणाला द्यायचा नाही. हां. असं सांगितलंय होय. बघू. आधी वायर बघा तुम्ही.

वायर ती अशी येते. नाही, तिकडे बघू नका. बघितलंत? बरं, बघा. तीन भोकं आहेत, हो. पहिलं पाडलं तर पलीकडे कपाटाची पाठ निघाली. दुसरं पाडलं तर पाण्याचा पाइप — त्या दिवशी अंघोळ घरभर झाली. तिसरं लागलं. पहिल्या दोन्हींवर मेरीमातेचं कॅलेंडर लावलंय, तिनं झाकून घेतलं बिचारीनं. तो लाल टेप? तो टेप नसता तर हे घर पडलं असतं. जॅकची क्लिप तुटलीय म्हणून काडेपेटीतली काडी खुपसलीय त्यात, ती काढू नका, काढलीत की हातात येईल सगळं. आमच्या गृहस्थांचं काम. फेयो. नाही हो, इलेक्ट्रिशियन कुठला, आयुष्यभर केळ्यांचा ट्रक चालवला, पण घरातल्या वायरीला परक्याचा हात लागू द्यायचा नाही. टीव्हीचा अँटेना? फेयो. इन्व्हर्टर? फेयो. मिक्सर लावला की दारावरची घंटा वाजायची दोन वर्षं, पाहुणे आले समजून मी दार उघडत होते, ते कोणाचं काम असेल ओळखा—

हसताय? हसू नका. नाही, खरंच सांगते, तुम्ही हसू नका. मी हसले तर चालतं, मी लग्न केलंय त्याच्याशी. तुम्ही केलंय का? मग. तोंड सरळ ठेवा आणि या इकडे स्वयंपाकघरात.

हा बघा राउटर. खिडकीत, हो. मागच्या खिडकीत, फ्रिजच्या वर, तेलाच्या बाटलीशेजारी. इथे का म्हणजे? गरम होतो ना तो, हवा लागावी म्हणून. माणसाला लागते तशी. आणि तो? तो डबा आहे. तेलाचा पत्र्याचा डबा. हो, कापलेला. हो, चपटा करून वाकवलाय जरासा, परातीसारखा. आता तो राउटरच्या मागे कसा आला ते मी काय सांगू? मांजर आहे आमच्याकडे. फार हुशार मांजर आहे.

काय? डबा बाजूला केल्यावर पुढच्या खोलीत सिग्नल आला? एवढा? सगळ्या काड्या? बाई बाई! चमत्कारच झाला! आणि आम्ही उगीच महिनाभर मेणबत्त्या लावल्या. शाब्बास, विल्किनसाहेब, शिकलेल्या माणसाची गोष्टच वेगळी. ठेवा आता तो डबा परत जागेवर.

ठेवा म्हणते ना. तसाच. वाकडा. अजून थोडा — हां.

असं बघू नका माझ्याकडे. पत्रा पुढचं सगळं अडवतो आणि मागच्या भिंतीकडे ढकलतो, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला? लहानपणी आम्ही अँटेनाला पातेल्याची झाकणं बांधून टीव्ही बघितलाय, हे सगळं आमचं करून झालंय. मागे काय आहे? मागे काही नाही. भिंत आहे. भिंतीपलीकडे माझी नणंद राहते, मिनर्व्हा, तिच्या कोंबड्या आहेत, तिचा आंबा आहे, आंब्याखाली प्लास्टिकची खुर्ची आहे. बस्स. खुर्चीवर कोण असायचंय? कोणी असतं कधी कधी. हवा खायला बसतं माणूस.

तुमच्या फोनवर काय दिसतंय? कोण कोण जोडलंय ते दिसतं? दाखवा. हा माझा फोन. हा — काय लिहिलंय — फेयो. हळू बोला. हळू बोला म्हणते, खिडकी उघडी आहे, तो तिथेच आहे, आंब्याखाली, भिंतीला पाठ लावून. तो आवाज ऐकू येतोय का, कुरकुर कुरकुर? कालच्या बेसबॉल मॅचची कॉमेंट्री. काल आपली टीम हरली, सगळ्या गल्लीला माहीत आहे हरली, त्यालाही माहीत आहे, रात्री बघितलीय त्यानं — आणि आज दुपारी परत बघतोय, आणि त्या पिचरला परत शिव्या देतोय, जसा काही आज तो नीट टाकणार आहे. ऐका. 'अरे गाढवा, बाहेर टाक!' ऐकलंत? हाच माझा नवरा.

तिकडे राहतो हल्ली. बहिणीकडे. नाही, भांडण नाही झालं. मी बोलले आणि तो गेला, ह्याला कोणी भांडण म्हणतं का? त्या दिवशी अल्बाचे कान टोचत होते. तिकडे माद्रिदला नर्सकडे, आणि योकास्ता फोनवर दाखवणार. तेव्हा राउटर पुढच्या खोलीत होता, जागच्या जागी, आणि तरी बरोबर सुई कानाला टेकली आणि चित्र गोठलं. नर्सचा हात हवेत, पोरीचं तोंड उघडं, आणि तसंच. व्हरांड्यात ह्यांचा डोमिनोचा डाव चाललेला. मी ओरडले, तसा फेयो सोंगट्या मुठीत घेऊन आला आणि चढला स्टुलावर. ही वायर काढ, ती लाव, थांब गं, कळलं मला काय झालंय — आणि घरातली लाईटच गेली. इंटरनेटबरोबर लाईट घालवणारा माणूस तुम्ही तुमच्या नोकरीत बघितलाय का कधी? मग मी म्हटलं. काय म्हटलं, एवढंच — फेयो, खाली उतर बाबा, कोणीतरी जाणता माणूस बोलावू या. ह्यात लागण्यासारखं काय आहे? तुम्ही सांगा, तुम्ही जाणते आहात, तुम्हाला लागतं का? थोडं मोठ्यानं म्हटलं असेन. डोमिनोचे तिघं दारात उभे होते, हो. आणि तो न्हावी चेपे हसला. आणि — बरं, मी हसले. पण चेपे आधी हसला.

तो उतरला. पक्कड विजारीला पुसली. सोंगट्या टेबलावर नीट मांडून ठेवल्या, जिंकत होता हो तो डाव. मग व्हरांड्यातला जाळीचा झोपाळा सोडला, खांद्यावर टाकला, आणि मागच्या फाटकानं बहिणीकडे. मला वाटलं जेवायला येईल. तो सप्टेंबर होता. आता जानेवारी चाललाय. मिनर्व्हाच्या हातचा भात खातो, तिच्या भातात मीठ असतं किंवा भात असतो, दोन्ही एकदम नसतात. वाळलाय. मी बघत नाही, पण खिडकीतून दिसतं.

आणि मी काही त्याला बोलवायला जायची नाही. मी का जाऊ? मी घर सोडून गेले का? पहिले काही दिवस तो फोन घेऊन त्या आंब्याखाली बसायचा, पण सिग्नल पोचायचा नाही, मॅच अडकायची. मग फोन आपटायचा मांडीवर, उठायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसायचा, तिथे मोठा टीव्ही आहे. मग इकडे मला ऐकू काय येणार? कोंबड्या. दिवसभर कोंबड्या. मग काय, राउटर उचलला आणि हवा लागावी म्हणून इथे ठेवला. डबा नंतर, डोक्यात आला तसा. आता बसतो तो रोज. सकाळी मी खिडकीत कॉफी करते, तो तिकडे खोकतो. मी भांडं आपटते, तो खोकतो. बोलणं नाही. तो समजतो मला माहीत नाही की तो माझं इंटरनेट वापरतो, आणि मी कशाला सांगायला जाऊ? घर फार शांत झालं होतं हो. फार. म्हणजे बरंच झालं, डोकं दुखायचं माझं.

पण योकास्ताला कुठून तरी कळलं. कुठून म्हणजे मिनर्व्हाकडून, तिच्या तोंडाला झाकण आहे का. फोनवर भाचीला सांगितलंन, तुझे पप्पा मजेत आहेत, एकेक मॅच शेवटपर्यंत बघतात, किती छान चालतं इथे! झालं. तिकडे पोरगी भडकली. मम्मीला माझी मुलगी दिसत नाही आणि पप्पा भिंतीपलीकडे बसून फुकट मॅच बघतात? एवढा स्वाभिमान आहे तर स्वतःचं इंटरनेट घ्या म्हणावं. बापासारखीच आहे, तोंड तेवढं माझं घेतलंय. म्हणून तुम्हाला पाठवलं. पासवर्ड बदला, कोणाला देऊ नका, आत्याला नाही, पप्पांना तर मुळीच नाही. खरं आहे तिचं. चूक काय त्यात? कायद्यानं बघितलं तर शंभर टक्के खरं आहे.

काय म्हणता? दुसरा एक छोटा राउटर मिळतो, पुढे एक आणि मागे एक लावला तर दोन्हीकडे चालेल? हं. आणि योकास्ता विचारेल, मम्मी, मागे कोणासाठी लावलाय, तर काय सांगू? कोंबड्यांसाठी? अंडी जास्त देतात म्हणून? नको. सगळ्या गल्लीत होईल, एर्सिलियानं नवऱ्यासाठी खास वायर टाकली. चेपे न्हाव्याला महिनाभर पुरेल तेवढं. नाही म्हणजे नाही, मला पण मान आहे.

काढा. काढा म्हणते तो राउटर. न्या पुढच्या खोलीत. मला माझी नात बघायची आहे, उभी राहिलेली, आख्खी, पायापासून डोक्यापर्यंत. म्हाताऱ्या माणसानं मॅचच्या मागे लागायचं आणि आजीनं चौकोन बघायचे, हा कुठला न्याय. उपटा ती वायर. हां. असं. गेले सगळे दिवे. संपलं एकदाचं.

नवा पासवर्ड? मीच सांगायचा? तुम्ही टाका काहीतरी. माझ्या लक्षात राहील असा, पण दुसऱ्याला ओळखता येणार नाही असा — आणि त्यात एक आकडा पाहिजे, आणि एक मोठं अक्षर, आणि ते चिन्ह. अजून काही? जन्माचा दाखला? मला आत्ता काही सुचत नाहीये. थांबा जरा. जे जे आठवतं ते सगळं त्याला माहीत आहे. माझा वाढदिवस माहीत आहे, आईचं नाव माहीत आहे, ज्या बसमध्ये भेटलो तिचा रूट माहीत आहे. ह्या माणसाला माहीत नाही असं माझ्याकडे काय आहे ते तरी मला बघू द्या.

श्श.

ऐकलंत? काही ऐकू येत नाही, तेच म्हणतेय मी. कॉमेंट्री थांबली. आता फोन झटकत असेल. हां — मांडीवर आपटला. खुर्ची सरकली. आता जाईल दुकानात. जा म्हणावं. जा, बस त्या चेपेबरोबर.

'मिनर्व्हा! लाईट गेली का?' बहिणीला विचारतोय. आमच्याकडे असंच असतं हो, लाईट गेली की आधी शेजाऱ्याला हाक मारायची, तुमची पण गेली का. कोर्टात एकमेकांवर केस घातलेले लोकसुद्धा विचारतात, विचारल्याशिवाय चैनच पडत नाही, एकट्याचीच गेली असली तर? आणि मिनर्व्हा घरात नाही. शनिवारी दुपारी ती पार्लरमध्ये केस करून घ्यायला जाते, संध्याकाळपर्यंत येत नाही. हाका मार हव्या तेवढ्या.

देवा.

तुम्ही ऐकलंत ना? नाही, खरं सांगा, माझ्या कानांवर रोलर आलेत. एर्सिलिया म्हणाला ना? 'एर्सिलिया, तुमच्याकडे पण गेली का?' मला विचारलं त्यानं. सप्टेंबरपासून — भिंतीच्या ह्या बाजूला एक अक्षर — आणि मी वेडी पत्रे कापत बसले होते!

हात काढा! वायर लावू नका! असू दे बंद. गप्प बसा, श्वास घेऊ नका. परत मारली हाक. मारू दे. एकदा अजून मारू दे, पाच महिन्यांचं साठलेलं आहे.

—लाईट आहे रे! आहे लाईट! इंटरनेट गेलंय! मला काय माहीत कसं गेलं! मला काय कळतंय त्यातलं!

काय म्हणतोय? नीट ऐकू नाही आलं. 'कशाला हात लावू नकोस, येतो मी.' येतो म्हणाला. विल्किन, येतो म्हणाला तो! उठा, उठा, बसलात काय! ती पेटी बंद करा, शिडी उचला, तो स्क्रू-ड्रायव्हर घ्या, काही ठेवू नका मागे. त्याला कळलं ना की मी जाणता माणूस बोलावला होता, तर आता झोपाळ्याबरोबर पलंगही घेऊन जाईल. राउटर परत खिडकीत ठेवा. तो पत्रा द्या इकडे, तो मी कचऱ्यात टाकते. आणि ऐका — सगळं नीट करून ठेवलंत का? कशाला केलंत! एक काहीतरी बिघडवा. लवकर. तिथलं नाही, तिथलं त्याला दिसणार नाही, चष्मा तिकडे विसरून येईल तो. ही जाड वायर — ही सैल करून ठेवा. सापडेल असं काहीतरी ठेवा हो, सोपं, पण एकदम सोपं नको, थोडं शोधू दे.

चारचा फोन? बघू. सापडलं चारपर्यंत तर दोघं मिळून बघू पोरीला. नाही सापडलं तर उद्या बघीन, टेबलाला धरून उभी आहे, ती कुठे पळून जाते. योकास्ताला सांगा, येऊन गेलो, काम झालं. पासवर्ड जुनाच. तो बदलला नाही, हे सांगायची गरज नाही. जा आता, पुढच्या दारानं, आणि ती शिडी भिंतीला आपटू नका. फाटक ओढू नका, करकरतं. जा. खाली वाका, वायर आहे!

—आले रे, आले, उघडते, केवढी घाई! ये. चप्पल पुसून ये. काय? कोणाशी बोलत होते? कोणाशी नाही, रेडिओ होता. घरात माझ्याशिवाय आहे कोण? मी कोणाला बोलावणार?